खांद्यावर हात न ठेवता

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे आठवायला वेळ लागतो. पण घाटकोपरचं ते एक प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं. ते मला नीट लिहिता येईल की नाही, याची खात्री नाही. तरी प्रयत्न करतो. नावं कुणाचीच देत नाही. त्यातल्या मुलीचं नाव छापायला तर कायद्यानेच मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी दिलं नसतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असावा. मी फौजदार म्हणून नवाच होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे ठाण्यात माझं नाव ‘ग्रॅज्युएट’ पडलं होतं. वरिष्ठ निरीक्षक कौतुकाने म्हणायचे, आणि जमादार थोडं चिडवायला. काहीही अडलं की मी आधी पुस्तक उघडायचो, हे त्या चिडवण्यामागचं कारण.

एका सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पन्नाशीची एक बाई येऊन उभी राहिली. मागे वीस-एकवीस वर्षांची मुलगी, मान खाली. बाई मुलीची आत्या होती. मूळ मालवणकडची माणसं. मुलीची आई नव्हती, वडील संपानंतर गिरणी सोडून मुलुंडला एका कंपनीत पहारेकरी झाले होते. टेकडीच्या पायथ्याशी तीन मजली चाळ, तिथे तिसऱ्या मजल्यावर यांची खोली. आत्या दोन घरची कामं करायची आणि मुलगी घरी बसून साड्यांना फॉल लावायची.

तीन दिवसांपूर्वी भर दुपारी स्टो दुरुस्त करणारा एक फिरता माणूस चाळीत आला होता. यांचा स्टो भडकत होता म्हणून मुलीने त्याला बोलावलं. शेजारच्या दोन्ही खोल्यांना कुलूप होतं. त्याने दार लावून घेतलं. पुढचं मी इथे लिहीत नाही. ते जबाबात आहे, तिथेच राहू दे.

जबाब घ्यायला दुसऱ्या ठाण्यातून महिला शिपाई बोलावली. तेव्हा प्रत्येक ठाण्यात महिला पोलीस नसायच्या. मुलगी बोलत होती, पण इतक्या हळू की महिला शिपायाला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता. एक वाक्य, मग बराच वेळ काही नाही. चार पानांच्या जबाबाला जवळजवळ अख्खा दिवस गेला.

“आधी अशी नव्हती ओ,” आत्या मला बाहेर व्हरांड्यात म्हणाली. “चाळीत हाऊजी असली की नंबर हीच पुकारी. खालच्या नाक्यापर्यंत आवाज जाय. आता माझ्याशीपण कानात बोलता.”

गुन्हा नोंदवला, मुलीला वैद्यकीय तपासणीला पाठवलं, खोलीचा पंचनामा केला. आरोपीचं वर्णन होतं : उंच, सडपातळ, केस मागे वळवलेले, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. अशी माणसं आमच्या हद्दीत शंभर निघाली असती.

खबर मिळाली ती दोनेक आठवड्यांनी, अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. आमच्या जमादारांचं कुटुंब पोलीस लाईनीत राहायचं. चहा पिताना ते हसत हसत म्हणाले, “ग्रॅज्युएटसाहेब, आमच्या बायकोचं डोकं फिरलंय. म्हणते, दर सोमवारी लाईनीत येणारा स्टोवाला पंधरा दिवस झाले फिरकला नाही, आणि तुमचे साहेब लोक स्टोवाला शोधतायत. बघा, घरात पण इन्स्पेक्टर आहे.”

ते हसले. मी हसलो नाही. दर सोमवारी न चुकता येणारा माणूस त्याच आठवड्यापासून बंद का व्हावा? संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, “यांना सांगितलं तर हसतात. उंच आहे, पिशवी आहे, केस असे मागे. अजून काय पाहिजे? पत्ता?”

पत्ता वॉशर विकणाऱ्या दुकानदाराने दिला. हे फिरते दुरुस्तीवाले चामडी वॉशर आणि पिना ठराविक दुकानातूनच घेतात. दुकानदार म्हणाला, “गोवंडीला राहतो. पण आता म्हणतो, घाटकोपर लाईन सोडली, मानखुर्दला धंदा करतो.” दोन दिवसांनी दुपारी आम्ही त्याला मानखुर्दच्या एका वस्तीतून उचललं. कपाळावर आठी नाही, घाम नाही. ठाण्यात आणताना चेहरा झाकून आणला, कारण पुढे ओळख परेड घ्यावी लागणार हे उघड होतं.

चौकशीत तो फार साधेपणाने बोलायचा. “साहेब, घाटकोपर मला माहीत पण नाय. मी मानखुर्द, गोवंडी, बस. पोरंबाळं आहेत माझी.”

“वॉशर कुठून घेतोस?”

“कुठून पण घेतो.”

तास गेला, दीड तास गेला. जमादार माझ्या कानाशी लागले, “ग्रॅज्युएटसाहेब, अर्धा तास माझ्याकडे द्या. पोपटासारखा बोलेल.” मी नको म्हटलं. खरं सांगायचं तर त्यात तत्त्वापेक्षा भीती जास्त होती. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मी नुकतंच वाचलं होतं. मारून मिळालेलं ‘हो’ मला काय कामाचं?

मग एक सुचलं. ठाण्याच्या मागे चहा करायचा स्टो दोन दिवस धूर ओकत होता. तो आणून मी त्याच्यापुढे ठेवला. “बसलाच आहेस तर हा बघ.”

त्याने स्टो उचलला, पंप ओढला, आणि त्याचा चेहराच बदलला. कामाचा माणूस कामाला लागला की त्याच्या जिभेची गाठ सुटते, हे मी वडिलांना लोहारकाम करताना पाहिलं होतं. “कोण वापरतो हा? वाट लावलीय साहेब. वॉशर सुकून पार लाकूड झालंय. हल्ली माल असाच येतो, पत्रा. जुना विलायती पितळी बघा. एक आहे, त्या टेकडीखालच्या चाळीत, तळमजल्यावर एक म्हातारी आहे तिच्याकडे. असा आवाज, साहेब, असा—”

तो थांबला. स्टो हातातच राहिला.

“कुठली टेकडी?” मी विचारलं.

त्याने स्टो हळूच खाली ठेवला. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच ‘ग्रॅज्युएट’ न म्हणता नुसतं “साहेब” म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या चाळीत गेलो. तळमजल्यावरची आजी सापडली, पितळी स्टोही सापडला. “हो, केला ना दुरुस्त. त्याच दिवशी. मी जेवून आडवी होणार तेवढ्यात आला मेला. माझा करून वर गेला.” मग स्टोवरचा हात काढून म्हणाली, “वर गेला. मीच त्याला सांगितलं, वर पण कुणाचा तरी भडकतोय.”

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस आला होता हे ती सांगू शकत होती, कोण ते नाही. त्या दिवशी चाळीत बाकी कोणी त्याला नीट पाहिलं नव्हतं. म्हणजे आता सगळा भार मुलीच्या ओळखीवर आला. तिने ओळखलं तर खटला उभा राहणार होता. नाही ओळखलं तर तो सुटून पुन्हा कुठल्या तरी चाळीच्या पायऱ्या चढणार होता.

इथे माझ्याकडून चूक झाली, ती सांगितली पाहिजे.

ओळख परेडीची सूचना घेऊन मी स्वतः त्यांच्या खोलीवर गेलो. मुलगी खिडकीपाशी साडी घेऊन बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं. आरोपीसारख्या बांध्याची सहा माणसं आणि तो, अशी रांग असते. विशेष कार्यकारी दंडाधिकारी आणि दोन पंच असतात. आत पोलीस नसतात. “तुम्ही फक्त रांगेसमोरून चालत जायचं, आणि ज्याला ओळखाल त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. झालं.”

सुई थांबली. मुलगी आत्याच्या कानाशी काहीतरी बोलली.

“ती म्हणता, हात लावची नाय,” आत्या म्हणाली.

“तसाच नियम आहे, मावशी. एक क्षणाचं काम आहे.”

आत्या उठून उभी राहिली. “सायबानू, त्या मेल्याक हिणा हात लावूचो? तुमच्या भयणीक असा सांगशात काय?”

 मी कागदावर सही घेतली आणि जिना उतरलो. ठाण्यात वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, हात लावल्याशिवाय ओळख होते का? मी भरती झालो तेव्हापासून असंच चाललंय. बचावाचा वकील काय म्हणेल? लांबून अंदाजे बोट दाखवलं म्हणेल.” जमादारही तेच म्हणाले. ठाण्याचे कागद लिहिणाऱ्या रायटरने तर जुने कागद काढून दाखवले. प्रत्येक परेडीच्या पंचनाम्यात तेच वाक्य : ‘साक्षीदाराने सदर इसमाचे खांद्यास हात लावून ओळखले.’

माझ्या सवयीप्रमाणे मी पुस्तक उघडलं. परेडीच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. माणसं किती असावीत, आरोपीला जागा बदलू द्यावी, कपडे बदलू द्यावेत, सगळं होतं. हात लावण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ओळख कशी पटवली हे नोंदवावं, एवढंच. मी पुन्हा वाचलं. तेव्हाही नव्हतं. कधीतरी कुणीतरी सोयीसाठी सुरू केलेली रीत, आणि आम्ही सगळे तिला नियम म्हणत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरा मजला चढलो. दारातच म्हटलं, “मी काल चुकीचं सांगितलं. तसा नियम नाही. तुम्ही जागेवरून सांगू शकता.”

मुलीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“पण मी आत नसेन,” मी पुढे म्हणालो. “आत्या पण नसतील. कानात सांगून चालणार नाही, लांबून सांगायचं तर दंडाधिकाऱ्यांना आणि दोन्ही पंचांना स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे. आणि त्यांनी हात लावायला सांगितलं, तर नाही म्हणायचं कामही तुमचंच.”

ती पुन्हा साडीवर वाकली. परेडीला पाच दिवस होते. जिना उतरताना मला वाटलं, मी तिची सोय केली की अडचण वाढवली?

तीन दिवसांनी एका कागदावर आत्याची सही राहिली होती म्हणून दुपारी पुन्हा गेलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलो आणि वरून बायकांचा गलका ऐकू आला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चटया टाकून आठ-दहा बायका हाऊजी खेळत होत्या. नंबर झाकायला चिंचोके. तळमजल्याच्या आजीलाही तीन मजले चढवून आणलं होतं. तिचा कागद शेजारची सून वाचत होती. आणि मधोमध डबा घेऊन नंबर काढत बसली होती ती मुलगी.

“पाच आणि तीन... त्रेपन्न,” ती पुटपुटली.

“काय गं? काय बोललीस?”

“त्रेपन्न.”

“मेली उंदरासारखी बोलते. आम्हाला इथे ऐकू येत नाय!”

“आजी, तुम्हाला आलं का ऐकू?”

“मला? मला डोळ्यांनी दिसत नाही, आता कानांनी पण नाही म्हणा!”

“परत बोल गं, बाई. कानात काय बोळे घातलेत काय आमच्या?”

“अगं एकदा सांगितलं ना!” ती एकदम उसळली. “त्रेपन्न! पाच आणि तीन, त्रेपन्न! किती वेळा सांगू?”

 खालच्या मजल्यावर कुणाचं तरी भांडी घासणं थांबलं. मुलगी स्वतःच दचकली असावी, तिने तोंडावर हात ठेवला होता. आत्याने पदर डोळ्यांना लावला. मग आजी शांतपणे म्हणाली, “हां, आता आलं ऐकू. त्रेपन्न. माझ्याकडे नाहीच आहे मेला. पुढचा काढ.”

आणि सगळ्या हसल्या, तीही. मी सही न घेताच परत फिरलो. त्या खेळामागे काय ठरलं होतं आणि कुणी ठरवलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. चाळीतल्या बायकांची स्वतःची एक कामाची पद्धत असते. तिला पंचनामा लागत नाही.

परेड ठाण्याच्या मागच्या हॉलमध्ये झाली. दंडाधिकारी म्हणून जवळच्या गावठाणातले एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. ख्रिस्ती गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणायचो. रांग लावून झाली, आरोपीने आपली जागा स्वतः निवडली, आम्ही पोलीस बाहेर पडलो. महिला शिपायाने मुलीला दारापर्यंत आणलं. दार बंद झालं.

मी व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसलो. शेजारी आत्या. आतून सरांचा मऊ आवाज पुसट ऐकू येत होता. मग शांतता. ती इतकी लांबली की आत्याने माझी बाही धरली. मला वाटलं, गेलं. आता सर लिहितील, ‘साक्षीदाराने कोणासही ओळखले नाही.’ त्या एका ओळीने सगळं संपलं असतं.

“हात नाही लावणार मी!”

बंद दारामागून आला तो आवाज. मी त्या घरी चार वेळा गेलो होतो, समोर बसलो होतो. पण कुणालाही न घाबरलेला तो आवाज मी ठाण्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. सर काहीतरी म्हणाले. आणि मग,

“उजवीकडून चौथा! तोच! तोच आला होता आमच्या घरी!”

पुढच्या खोलीतला ठाणे अंमलदार पेन हातात धरून बाहेर आला. “काय झालं?” जमादारांनी त्याला सांगितलं, “काही नाही. परेड चाललीय. जा, लिहीत बस.”

सरांनी मला नंतर सांगितलं, “मी तिला म्हटलं, बाळ, हात ठेवायचा नसेल तर कशी सांगशील? तोंडाने सांगता येईल? ती रांगेपुढे उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. चाळीस वर्षं मुलांची हजेरी घेतली मी. इतकं स्पष्ट कोणी बोललेलं आठवत नाही.” त्यांनी स्वतःच्या अक्षरात नोंद केली होती : साक्षीदाराने साधारण चार हात अंतरावरून, मोठ्या व स्पष्ट आवाजात, उजवीकडून चौथ्या इसमास ओळखले. रायटर ते वाचून डोकं खाजवत बसला. त्याच्या नेहमीच्या वाक्यात ते बसत नव्हतं.

खटला बंद दालनात चालला. वरिष्ठांना जी भीती होती तीच गोष्ट बचावाच्या वकिलांनी पकडली. तासभर इकडचे तिकडचे प्रश्न विचारून त्यांनी शेवटी विचारलं, “रीतीप्रमाणे तुम्ही आरोपीच्या खांद्याला हात लावला नाही. कारण तुमची खात्री नव्हती. बरोबर?”

सरकारी वकिलांच्या मदतीला म्हणून मी कोर्टाच्या परवानगीने मागच्या बाकावर होतो. 

ती म्हणाली, “खात्री होती, म्हणूनच लावला नाही.”

वकिलांनी कागद चाळले आणि म्हणाले, “आणखी प्रश्न नाहीत.”

आरोपीला सक्तमजुरीची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मुलगी आली नव्हती. आत्याने सांगितलं, चाळीच्या खालच्या खोलीत बालवाडी सुरू झाली आहे, तिथे ती शिकवायला लागली, रजा मिळत नाही. पुढे वर्षभराने आत्या घाटकोपरच्या मासळी बाजारात भेटली. मी विचारलं, कशी आहे?

“कशी म्हणजे?” आत्या बांगडे निवडता निवडता म्हणाली. “ती पोरां आराडतत, त्येंच्यावर ही आराडता. घराक इली की माझ्यावर आराडता, बापाशीवर आराडता. काल त्या रॉकेलवाल्याक असा काय बोलली, तो माप पुरा करून गेलो. सायबानू, आता तिका गप करूचा कायतरी औषध असला तर सांगा.”

असं औषध माझ्याकडे नाही, असं मी सांगितलं. आत्या हसली आणि मला चार बांगडे घ्यायला लावले. चांगले होते.

नंतर बऱ्याच ठाण्यांत काम केलं. ओळख परेडीच्या आधी मी प्रत्येक साक्षीदाराला सांगायचो, हात लावलाच पाहिजे असं नाही, तुम्हाला जसं सांगायचंय तसं सांगा, फक्त सगळ्यांना कळेल असं सांगा. काही सहकाऱ्यांना हे नसतं खूळ वाटायचं. बोरीवलीला असताना साखळी चोरीला गेलेल्या एका आजीबाईंना मी हेच सांगितलं, तर त्या भडकल्या. “हात लावायचा नाही? अहो, मी त्याच्या कानाखाली वाजवायला आलेय!” तेवढं मात्र चालणार नाही, असं त्यांना समजवायला मला दहा मिनिटं लागली.

त्या दिवशी घरी जाताना मी एकटाच हसत होतो. एका बाईला जो स्पर्श नकोसा असतो, तोच दुसरीला हवा असतो. कोणाला काय, हे आपल्याला बाहेरून कळत नाही, आणि जुन्या पंचनाम्यांतही ते लिहिलेलं नसतं. विचारून घ्यावं लागतं. विचारायला अर्धं मिनिट लागतं. मला हे कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. घाटकोपरच्या एका मुलीने बंद दारामागून सांगितलं, आणि व्हरांड्याच्या पार टोकाला बसलेल्या मला ते स्पष्ट ऐकू आलं.